‘सिस्टीम घेत नाहीये’

श्रोतेहो, नमस्कार.

मध्यंतरी मामांबरोबर एका कार्यालयात गेलो होतो. तीन महिने त्यांचं पेन्शन आलं नव्हतं. खिडकीपलीकडच्या मुलीने नंबर टाकला आणि पडदा आमच्याकडे वळवला. एकच शब्द होता: अपात्र. "का?" मामांनी विचारलं. "सिस्टीम घेत नाहीये, काका." ती उद्धट नव्हती. नकाराचं कारण तिलाही माहीत नव्हतं. मामांनी चष्मा पुसला आणि तोच शब्द पुन्हा वाचला.

त्या ‘का?’बद्दल आज मला बोलायचं आहे.

आपला शब्द बघा. जबाब देतो तो जबाबदार. संस्कृतातून आलेला ‘उत्तरदायित्व’ हा शब्दही तेच सांगतो. दोन वेगळ्या वाटांनी आलेले हे शब्द, आणि दोघांनीही समोर प्रश्न विचारणारं कुणीतरी गृहीत धरलंय. अंगावर काम असणं एवढ्याने जबाबदारी होत नाही. विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

आंद्रेआस माथियास या अभ्यासकाने 2004 साली इथेच बोट ठेवलं. शिकत जाणारं यंत्र आपले नियम जुन्या नोंदींमधून स्वतःच काढतं. मग बनवणारा म्हणतो, हा नियम मी लिहिला नाही. वापरणारा म्हणतो, निर्णय मी घेतला नाही. निर्णय तर झालेला असतो, त्याचा धनी मात्र सापडत नाही. या अवस्थेला त्याने जबाबदारीतली पोकळी म्हटलं.

या पोकळीत माणसं कशी पडतात ते नेदरलँड्समध्ये दिसलं. मुलांच्या पाळणाघरासाठी सरकारी भत्ता घेणाऱ्या हजारो पालकांवर लबाडीचा ठपका आला. कुणाला अख्खी रक्कम परत भरायला सांगितली, आणि निमित्त काय, तर अर्जावर एक सही राहिली! संशयित निवडायला संगणकाची जोखीम-यादी होती, आणि परदेशी नागरिकत्व असलं की त्या यादीत संशय वाढत होता. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या सरकारने राजीनामा दिला. सगळा दोष यंत्रावर टाकणं मला पटत नाही. कायदा कठोर होता, आणि तो राबवणारी माणसंच होती. यंत्राने त्यांना एक सोय करून दिली: समोरच्याकडे न बघण्याची.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने 1785 मध्ये एक भेद सांगितला. ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचं दुसरं काही ठेवता येतं. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. मला वाटतं, कारण सांगणं हा ती प्रतिष्ठा मानण्याचा सगळ्यात साधा प्रकार आहे. दगड हलवताना आपण त्याला कारण सांगत नाही. माणसाला सांगावं लागतं, निर्णय बरोबर असला तरीसुद्धा.

युरोपीय संघात मे 2018 पासून लागू झालेल्या, लोकांच्या खाजगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात याची जाण दिसते. आयुष्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्राने घ्यायचा नाही, असा तिथला सर्वसाधारण नियम आहे. त्याला अपवाद आहेत. पण मध्ये बसवलेला माणूस दिवसभर नुसतं ‘मान्य’ दाबत असेल, तर तो असून नसल्यासारखाच. फाईल उघडायला त्याला वेळ हवा आणि यंत्राला ‘नाही’ म्हणायचा अधिकार हवा. खर्च वाढेल, रांग हळू सरकेल. तरी मी त्याच बाजूचा आहे.

मामांना पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. या वेळी एका अधिकाऱ्याने जुनी फाईल काढली, कागदावर बोट ठेवून जन्मतारीख वाचली, मग पडद्यावरची वाचली. आकडे उलटसुलट पडले होते. "चूक आमच्याकडची आहे," तो म्हणाला.

घरी मामींनी दारातच विचारलं, "झालं का काम?"

मामा चपला काढता काढता म्हणाले, "अगं, त्याने का ते सांगितलं." पेन्शन सुरू होतंय, हे त्यांनी चहा झाल्यावर सांगितलं.