टॅकलविना सराव : सेंट जॉन्सचा 2003चा मोसम

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं कॉलेजव्हिल. बेनेडिक्टाइन ख्रिस्ती साधूंचा मठ आणि त्याला लागूनच सेंट जॉन्स विद्यापीठ. पाइनच्या झाडीत खोलगट जागी बसलेलं हे मैदान म्हणजे क्लेमेन्स स्टेडियम.

इथला अमेरिकन फुटबॉलचा संघ खेळतो डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात. टीव्हीवर दिसणाऱ्या बड्या कॉलेज फुटबॉलपासून हे जग फार लांब आहे. इथे खेळाची शिष्यवृत्ती नसते. फुटबॉल खेळतो म्हणून फीमध्ये एका डॉलरचीही सूट नाही. तरीही दरवर्षी दीडशेच्या वर मुलं नाव नोंदवतात, आणि एकालाही संघातून काढलं जात नाही.

आता हा सराव नीट पाहा. डोक्यावर हेल्मेट, पण खाली साधी हाफपँट. चेंडू घेऊन एक मुलगा धावतोय, बचावातला त्याच्यापर्यंत पोहोचतो... आणि थांबतो. अंगावर झेप नाही, धडक नाही, जमिनीवर पाडणं नाही. ज्या खेळाची ओळखच टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडणं, त्याच्या सरावात टॅकलला पूर्ण बंदी.

बाजूला उभे आहेत ते संघाचे प्रशिक्षक जॉन गलार्डी. 2003च्या या मोसमात वयाची 77 वर्षं पूर्ण करणारे. त्यांच्या गळ्यात शिट्टी नाही. मैदानाला फेऱ्या नाहीत, शिक्षा म्हणून जोर काढणं नाही, लोखंडी सांगाडे ढकलत राहणं नाही. डास फार झाले तर सरावाला सुट्टी. आणि 'कोच' अशी हाक मारायची नाही. पहिल्या वर्षाच्या पोरानंही 'जॉन' म्हणायचं.

ही पद्धत आली कुठून? कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावातून. 1943 साली तिथल्या शाळेचे प्रशिक्षक युद्धावर गेले आणि संघ सोळा वर्षांच्या गलार्डींच्या हाती आला. खेळाडू म्हणून जे जे त्यांना जाचक वाटलं होतं, ते त्यांनी एकेक करून बंद केलं. मुलांना तहान लागली तर पाणी पिऊ दिलं. तेव्हा सरावात पाणी पिणं हा कमकुवतपणा समजला जाई! संघ जिंकू लागला. पुढे मोंटानातलं कॅरोल कॉलेज, आणि 1953पासून सेंट जॉन्स.

मारामारीत न गेलेला वेळ जातो तो इथे. तीच चाल पुन्हा. पुन्हा. आणखी एकदा. समोरचा कुठून येणार, हे पावलांवरून ओळखायचं. योग्य जागी योग्य क्षणी पोहोचलात की पाडणं सामन्यात आपोआप जमतं, असा गलार्डींचा विश्वास. शिवाय शनिवारी मैदानात उतरणारी मुलं आदल्या चार दिवसांत आपल्याच मित्रांकडून जायबंदी झालेली नसतात. वीस वर्षांच्या पोराचं डोकं आणि गुडघे त्याला पुढे आयुष्यभर वापरायचे आहेत, एवढी साधी गोष्ट या खेळातल्या कितीतरी जाणत्यांना दिसत नव्हती.

8 नोव्हेंबर. ही गर्दी पाहा. मैदानाच्या कडेपर्यंत माणसं उभी. बेथेलविरुद्धचा सामना सेंट जॉन्सनं 29-26 असा जिंकला. गलार्डींचा हा 409वा विजय. ग्रॅम्बलिंग विद्यापीठाचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा कॉलेज फुटबॉलमधला 408 विजयांचा विक्रम मागे पडला.

20 डिसेंबर, व्हर्जिनियातलं सेलम. डिव्हिजन थ्रीचा अंतिम सामना, स्टॅग बोल. समोर सलग 55 सामने जिंकत आलेला ओहायोचा माउंट युनियन. निकाल 24-6. सेंट जॉन्स विजेते. मोसमात 14 सामने, 14 विजय.

गलार्डी 2012मध्ये थांबले, तेव्हा त्यांच्या नावावर 489 विजय होते. कॉलेज फुटबॉलमध्ये त्यांच्याइतके विजय कुणाचेच नव्हते. दरम्यान 2010मध्ये डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनीही आपल्या संघाच्या सरावातलं टॅकल बंद केलं, आणि 2016मध्ये आयव्ही लीग या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटातल्या आठही प्रशिक्षकांनी मोसमातल्या सरावासाठी तोच नियम मान्य केला.