ब्रह्मकमळाचा चुकलेला पत्ता

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. आधी जरा हात वर करा बघू: ब्रह्मकमळ कुणाकुणाच्या घरी आहे? अरे वा, जवळजवळ सगळ्यांकडेच. आता ज्यांच्या झाडाला गेल्या वर्षी फूल आलं, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, कसे भराभर खाली आले! म्हणजे मी बरोबर जागी आले आहे. ‘ब्रह्मकमळाला फुलं कशी आणावीत’ असा विषय जाहीर झालाय. ते सांगणारच आहे, पण माझी एक जुनी तक्रार आहे. ती ऐकून घेतल्याशिवाय तुमची सुटका नाही.

तक्रार नावाची आहे. ज्याला हिमालयात ब्रह्मकमळ म्हणतात, ते सूर्यफुलाच्या कुळातलं, सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा. साडेतीन हजार मीटरच्या वर खडकाळ उतारांवर वाढतं आणि उत्तराखंडचं राज्यफूल आहे. आपल्या कुंडीतलं झाड म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटालम. त्याचं माहेर दक्षिण मेक्सिको, ग्वातेमाला, त्या बाजूची दमट जंगलं. दोघांची सोयरीक कुठूनही जुळत नाही. आता नाव बदला असं मी म्हणत नाही. एकदा तोंडात बसलेलं नाव कुणाच्या बापाला बदलता येत नाही, आणि मीही हेच नाव वापरते. पण या नावानं झाडं मेली आहेत हो! त्यातलं पहिलं माझं.

कुणीतरी प्रेमानं फांदी दिली. ‘कमळ’ म्हटल्यावर माझ्या डोक्यात पाणी. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, शिवाय कुंडीखालची ताटली काठोकाठ भरलेली. दोन महिन्यांनी झाड मान टाकायला लागलं, म्हणून मी पाणी आणखी वाढवलं. शेवटी उपटून पाहिलं तर मुळ्या भिजलेल्या सुतळीसारख्या, हात लावताच सुटणाऱ्या. मग एका जाणकारांनी माझी कीव केली. म्हणाले, ‘‘अहो ताई, हा निवडुंग आहे, निवडुंग!’’ झालं. दुसरी फांदी मिळवली, ती थेट गच्चीत नेली. भर दुपारचं ऊन, पंधरा दिवसांनी एकदा पाणी. ते झाड आधी पिवळं पडलं, मग तांबूस झालं, मग सुरकुतलं, आणि त्यावर इस्त्रीचा चटका बसावा तसे डाग उमटले. एक झाड कमळ म्हणून बुडवलं आणि दुसरं निवडुंग म्हणून भाजलं. (हशा)

हसा, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलंय. आणि त्या जाणकारांचं खोटं नव्हतं बरं का. निवडुंगच आहे तो, कॅक्टेसी कुळातला. फक्त वाळवंटातला नाही, झाडावर राहणारा. माझं सगळं म्हणणं एवढ्याशा गोष्टीवर उभं आहे: या झाडाचा पत्ता आपण चुकीचा लिहिलाय. वनस्पतिशास्त्रात याला अपिवनस्पती म्हणतात. बांडगूळ नव्हे हं, त्यात गल्लत नको. बांडगूळ घरमालकाच्या ताटात हात घालतं. हा बिचारा भाडेकरू आहे, नुसता फांदीच्या बेचक्यात बसतो. तिथे साचलेला पालापाचोळा ही त्याची माती. पाऊस आला की मुळ्या चिंब होतात आणि थोड्याच वेळात पाणी निथळून जातं. ऊन येतं ते वरच्या पानांतून गाळून. आता या पत्त्यावरच्या माणसाला तुम्ही चिकणमातीनं भरलेल्या बादलीत बसवलंत, तर तो काय गाणी म्हणणार आहे?

आणि हो, ज्याला आपण पान म्हणतो ते पान नाही. ते खोड आहे, चपटं झालेलं, पर्णकांड. एपिफायलम या ग्रीक नावाचा अर्थ ‘पानावर’. फूल पानावर येतं असं वाटलं, म्हणून हे नाव. वनस्पतिशास्त्रज्ञ द कँडोल यांनी 1828 मध्ये याचं वर्णन केलं, तेव्हा त्याला सेरियस नावाच्या निवडुंगांच्या गटात घातलं होतं. पुढच्याच वर्षी हॉवर्थ यांनी ते एपिफायलममध्ये आणलं. म्हणजे पत्ता चुकण्याची परंपरा जुनी आहे! कडेला ज्या खाचा दिसतात ना, त्या खाचांतून कळी येते. म्हणून ‘पानं फार झाली’ असं म्हणत कात्री चालवू नका. तुम्ही कळ्यांच्या जागा कापताय.

हा रात्रीच का फुलतो, असं लहान मुलं विचारतात. मोठी माणसं विचारत नाहीत, त्यांना वाटतं लाजतो. (हशा) फूल पांढरं, वास घमघमीत आणि नळी वीतभर लांब. ही सगळी तयारी लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी. पण केवळ फूलच नाही, हे अख्खं झाड रात्रपाळीचं आहे. दिवसा रंध्रं उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून ती रात्री उघडतात. रात्री कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उजेडात वापरायचा. पानफुटी हेच करते. बेंजामिन हेन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानात होता. त्यानं पानफुटीची पानं चक्क चावून पाहिली. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. ते पत्र 1815 मध्ये छापून आलं. नुसत्या जिभेवर केवढं शास्त्र! तुम्ही मात्र घरी जाऊन कुंडी चाटू नका.

आता माझ्या तिसऱ्या झाडाची गोष्ट. ही थोडी लांब आहे. तिसऱ्या वर्षी त्याला सात कळ्या आल्या. सात! तांदळाएवढ्या होत्या तेव्हापासून मी रोज मोजत होते. कळी दिसल्यापासून उमलेपर्यंत तीन-चार आठवडे जातात, तेवढे दिवस घरात दुसरा विषय नाही. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘कळ्या भिंतीकडे तोंड करून आल्यात, पाहुण्यांना दिसणार कशा?’’ मला पटलं. आम्ही दोघींनी मिळून कुंडी फिरवली, आणि फिरवतोच आहोत तर म्हणून खोलीत पंख्याजवळ आणली. आठ दिवसांत सहा कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. सकाळी उठावं आणि फरशीवर एक कळी असावी. घरात कुणी कुणाशी बोलेना.

सातवी वाचली. मी मनाशी हिशेब केला, शनिवारी उमलणार. वीस माणसांना बोलावलं, खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या, मधोमध कुंडी. आठ वाजले, नऊ वाजले, कळी ढिम्म. दहाला एक गृहस्थ म्हणाले, ‘‘बटण कुठे आहे याचं?’’ साडेअकराला सगळे पांगले, जाताना माझं सांत्वन करत. आज मला कळतं की त्या कळीकडे नीट पाहिलं असतं तरी पुरलं असतं. कळी आधी खाली लोंबते. मग तिचा देठ हंसाच्या मानेसारखा वळतो आणि टोक वर येतं. ज्या रात्री उमलायचं त्या दिवशी दुपारीच ती फुगीर दिसते, बाहेरच्या तांबूस पाकळ्या सुट्या होऊ लागतात. शनिवारी यातलं काहीच झालं नव्हतं. पण मी कळीकडे कुठे पाहत होते, मी खुर्च्या मोजत होते.

रविवारी रात्री साडेनऊला ती उमलली. घरात जागे दोघंच, मी आणि सासरे. ते शनिवारी, ‘‘फूल बघायला रात्री कोण जागतं,’’ म्हणून झोपून गेले होते. रविवारी झोप येईना म्हणून पाणी प्यायला उठले आणि वासानं थबकले. बराच वेळ पाहून म्हणाले, ‘‘एवढ्यासाठी वीस माणसं बोलावली होतीस?’’ मी काय बोलणार! पण मग त्यांनी शनिवारच्याच खुर्च्यांतली एक ओढली आणि बसले. दोन वाजता मी झोपायला गेले तेव्हाही तिथेच होते. पहाटे फूल मलूल होऊन लोंबत होतं आणि ते खुर्चीतच झोपले होते. चिनी भाषेत क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या गोष्टीसाठी जी म्हण आहे, तिच्यातल्या फुलाचं नाव आज यालाच आहे, आणि जपानीत याचं नाव ‘चांदण्यातली सुंदरी’. आमच्या घरात मात्र...

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरलीत म्हणे. बरं, मग जाहीर केलेला विषय! भराभर लिहून घ्या.

माती: निम्मा भाग कुजलेला पालापाचोळा किंवा पानांचं खत, उरलेल्यात झाडाच्या सालीचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे, परलाइट, जे मिळेल ते. मूठ आवळून सोडली की मिश्रण सुटं झालं पाहिजे. कुंडी लहानच ठेवा, मुळ्या दाटल्या तरी हा खुशाल फुलतो. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि मुळ्या कुजतात. पाणी वरचा थर सुकल्यावर, पण एकदा दिलं की खालून निथळेपर्यंत. ताटलीत साचलेलं ओतून द्या. थंडीत पाणी कमी करा आणि खत बंद. तापमान दहा अंशांखाली जात असेल तर आत घ्या, गोठलेल्या दवानं तो मरतो. उजेड भरपूर हवा, सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नको. अंधाऱ्या कोपऱ्यात जगेल, पण फुलणार नाही. नुसत्या नायट्रोजनचं खत घातलंत तर हिरवागार होईल आणि फूल देणार नाही, म्हणून कळीच्या हंगामाआधी पोटॅश-फॉस्फरस जास्त असलेलं, तेही पातळ करून. काठीसारखे गोल उंच दांडे निघतात, ते रोग नाहीत. टोक खुडलंत तर बाजूला चपट्या फांद्या फुटतात. खाचांत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्यानं पुसा. आणि कळी दिसल्यावर कुंडी हलवायची नाही, फिरवायची नाही. जाऊबाई कितीही म्हणोत.

प्रश्न आलाय, फळ का धरत नाही? एकाच झाडाच्या फांद्या सगळीकडे वाटल्या गेल्या की ती सगळी मुळात एकच झाड असतात, आणि हे झाड स्वतःच्या परागानं सहसा फळत नाही. ड्रॅगन फ्रूट याच्याच नात्यातलं, त्याच्याही बऱ्याच जातींत हीच अडचण.

दुसरा प्रश्न, फांदी लावायची कशी? वीतभर तुकडा, कापलेली बाजू आठवडाभर सावलीत सुकू द्या, मग दोन-तीन बोटं खोल लावा. फूल यायला दोन-तीन वर्षं. फक्त उलटी लावू नका. पूर्वी मी एका मैत्रिणीला फांदी दिली होती, तिनं वरचं टोक मातीत घातलं आणि वर्षभर मलाच दोष दिला. म्हणून आज मागच्या टेबलावर ज्या फांद्या ठेवल्या आहेत, त्यांच्या खालच्या टोकाला लाल दोरा बांधलाय. दोरा मातीकडे. प्रत्येकी एकच घ्या.