कान शाबूत ठेवून महिनाभर रॉक

(दृश्य : धोबीतलाव, रंगभवन)
मुंबईच्या रॉकवाल्यांचं हे जुनं ठिकाण. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव इथे वर्षानुवर्षं गाजला. शेजारी रुग्णालयं आणि कॉलेज असल्यामुळे १०० मीटरच्या शांतता क्षेत्राचा नियम लागू झाला आणि उघड्यावरचा हा मंच रॉकला पारखा झाला. आता मैदानात एरवी रात्री १० वाजता लाउडस्पीकर बंद करावे लागतात, म्हणून महोत्सव भरदुपारी सुरू होतात. बाकीचे गिग, म्हणजे बँडचे कार्यक्रम, क्लबात, बंद खोलीत होतात, आणि छत जेमतेम डोक्यावर असतं.

(दृश्य : क्लब, संध्याकाळचा साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी)
आधी ड्रम. पायाने वाजवायचा मोठा किक, मग कडक आवाजाचा स्नेअर, मग टॉम. त्यानंतर बास, गिटार, आणि सगळ्यात शेवटी गाणाऱ्याचा माइक. हा क्रम नीट बघा, कारण रात्रीचा आवाज इथेच ठरतो. एवढ्याशा खोलीत स्नेअरचा घाव माइकशिवायही पुरून उरतो. त्याच्यावर गिटारवाला आपला अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर, चढवतो. या दोघांच्या वर गाणं ऐकू यायला हवं, म्हणून साउंड इंजिनिअर माइक वाढवत जातो. तो फार वाढला की स्पीकरमधला आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. अशा वेळी अ‍ॅम्प थोडा कमी करायला सांगणारा इंजिनिअर प्रेक्षकांवर उपकारच करतो. गिटारचा अ‍ॅम्प टॉर्चच्या झोतासारखा सरळ रेषेत मारतो. त्याच्या तोंडासमोरून दोन पावलं बाजूला सरकलात तरी फरक कळतो.

(दृश्य : मैदान, बॅरिकेडजवळची गर्दी)
ही जागा सगळ्यांना हवी असते. पण सबवूफर, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर, इथेच, बॅरिकेडच्या पलीकडे जमिनीवर मांडलेले असतात आणि मुख्य स्पीकर वर टांगलेले. त्यामुळे छातीत बास घुमतो आणि गाण्याचे शब्द बरेचदा डोक्यावरून जातात. शब्द नीट ऐकायचे तर मागे मिक्सिंग कन्सोलपाशी, म्हणजे आवाज जुळवायच्या टेबलापाशी, उभं राहावं. इंजिनिअर तिथेच बसून आवाज जुळवतो, म्हणजे तो जे ऐकतो तेच तुम्ही ऐकता.

(दृश्य : तळहातावर फोमचा इअरप्लग)
हात स्वच्छ धुवून प्लग बोटांत वळून अगदी बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा. आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटला की समजावं, नीट बसला. अर्धवट बसलेला प्लग आणि कापसाचा बोळा, दोन्ही जवळपास बिनकामाचे. फोम वरच्या पट्टीचा आवाज जास्त खातो, म्हणून झांजा बोथट वाटतात. फिल्टरवाले सिलिकॉन प्लग महाग पडतात, पण सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच उतरवतात. महिन्यात चार-पाच गिग करणाऱ्याने तेच घ्यावेत आणि साबणाच्या पाण्याने धुऊन वापरावेत.

(दृश्य : फोनवरचं डेसिबल मीटर)
फोनचा आकडा अंदाजापुरताच धरावा. कामगारांच्या आरोग्यासाठी वापरला जाणारा हिशेब असा : ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. दोन तासांच्या गिगमध्ये उघड्या कानांनी आठ दिवसांचा कोटा संपतो. नीट बसलेल्या प्लगने १५ डेसिबल जरी कमी झाले तरी तीच रात्र हिशेबात बसते. आवाज टिपणाऱ्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

(दृश्य : प्रवेशद्वार, हातावर बांधले जाणारे पट्टे)
जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक दिलं : सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा, आवाजाची सतत मोजणी, कानांना विसावा द्यायला शांत कोपरा आणि प्रेक्षकांसाठी इअरप्लग. हातावर पट्टा बांधला जातो त्याच टेबलावर प्लगची बरणी सहज मावते. ती तिथे असायलाच हवी.