खोबरेल तेलानं वजन उतरतं का?

नमस्कार, श्रोतेहो.

सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात मोठा चमचाभर खोबरेल तेल घालून प्यायलं की पोटावरची चरबी वितळते, असा सल्ला गेली काही वर्षं मोबाइलवरून घरोघरी फिरतो आहे. कुणी ते काळ्या कॉफीत घुसळून घेतं, कुणी जेवणाआधी नुसतं गिळतं. या सल्ल्याचं उत्तर सुरुवातीलाच देऊ या. खोबरेल तेल पिऊन वजन उतरत नाही. रोजच्या जेवणात काहीच कमी न करता ते वरून घेतलं, तर वजन वाढतं. तरीही हा समज इतका पक्का कसा रुजला, हे कळायला हवं. त्यामागे एक खरं संशोधन आहे, फक्त ते या तेलावर झालेलं नाही.

आधी साधा हिशेब करू. कुठल्याही तेलाचा मोठा चमचा, म्हणजे १५ मिलीलिटर, भरतो साधारण १४ ग्रॅम आणि त्यातून मिळतात सुमारे १२० कॅलरी. शेंगदाण्याचं घ्या, करडईचं घ्या, खोबरेल घ्या, फरक नगण्य आहे. असे दोन चमचे रोज वरून गेले तर महिन्याला ७,२०० कॅलरी होतात. आपल्या अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. प्रत्यक्षात शरीर थोडी जुळवाजुळव करतं, म्हणून वजन या हिशेबाबरहुकूम वाढत नाही, पण काट्याची दिशा हीच राहते. थंडीत आणखी एक गोष्ट होते. खोबरेल तेल २४ अंश सेल्सियसच्या आसपास गोठतं. पुण्या-नाशकात डिसेंबरात बरणीतून ते लोण्यासारखं निघतं, चमच्यावर रास होते आणि एका चमच्याच्या नावाखाली दीड-दोन चमचे पोटात जातात.

आता संशोधनाकडे वळू. तेलातली स्निग्धाम्लं, म्हणजे फॅटी ॲसिड, कार्बन अणूंच्या साखळीच्या लांबीनुसार वेगवेगळी असतात. आठ आणि दहा कार्बन अणूंची मध्यम साखळी असलेली दोन आम्लं आहेत, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक. ती आतड्यातून थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत शिरतात आणि तिथे लगेच इंधन म्हणून जळतात. लांब साखळीची आम्लं मात्र लसिकावाहिन्यांच्या वाटेनं रक्तात येतात, शरीरभर फिरतात आणि गरजेपेक्षा जास्त असली की चरबीच्या पेशींत साठतात. ही मध्यम साखळीची दोन आम्लं वेगळी काढून कारखान्यात एक तेल बनवतात, त्याला एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीचं तेल म्हणतात. ते मुळात अन्नपचनाच्या काही आजारांत रुग्णांना देण्यासाठी वापरात आलं.

या एमसीटी तेलावर अमेरिकेत पोषण-संशोधक मारी-पिएर सेंट-आँज यांनी प्रयोग केले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वजन उतरवण्याचा आहार घेणाऱ्या एका गटाला रोज १८ ते २४ ग्रॅम एमसीटी तेल दिलं आणि दुसऱ्या गटाला तितकंच ऑलिव्ह तेल. १६ आठवड्यांनी एमसीटी गटाचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे पावणेदोन किलो जास्त उतरलं होतं. बातमी पसरली ती मात्र खोबरेल तेलाच्या नावानं, कारण एमसीटी तेल काढतात ते बहुतेक खोबरेल किंवा पामच्या बियांतल्या गरापासून.

इथेच घोळ झाला. खोबरेल तेलात आठ आणि दहा कार्बनवाली आम्लं दोन्ही मिळून १०० ग्रॅममध्ये १३ ग्रॅमच्या आसपास भरतात. सर्वांत मोठा वाटा, निम्म्याच्या जवळपास, लॉरिक आम्लाचा असतो. त्याच्या साखळीत १२ कार्बन असतात. कागदावर त्याला मध्यम साखळीत बसवतात, पण शरीरात त्याचा बराचसा भाग लांब साखळीच्या आम्लांच्या वाटेनंच जातो. त्या प्रयोगातली कमीत कमी मात्रा, १८ ग्रॅम, खोबरेल तेलातून मिळवायची ठरवली तर रोज सुमारे १४० ग्रॅम तेल प्यावं लागेल. म्हणजे दहा मोठे चमचे, बाराशे कॅलरी. वजन उतरवू पाहणाऱ्या अनेक स्त्रियांचा हा जवळजवळ दिवसभराचा आहार झाला!

पोट भरल्यासारखं वाटतं, भूक मारली जाते, असंही या तेलाबद्दल सांगतात. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठात २०१७ साली हे तपासलं गेलं आणि भूक भागवण्यात खोबरेल तेल एमसीटी तेलापेक्षा कमी पडलं. उष्णता वाढून कॅलरी जळतात, हा दावाही टिकाऊ नाही. लोणी आणि खोबरेल तेलाचा आहार १४ दिवस देऊन केलेल्या एका प्रयोगात सातव्या दिवशी ऊर्जेचा खर्च वाढलेला दिसला, पण चौदाव्या दिवसापर्यंत ती वाढ ओसरली. शरीर सरावतं.

खुद्द खोबरेल तेलावरचा एक प्रयोग समर्थक नेहमी पुढे करतात. ब्राझीलमध्ये पोटाचा घेर जास्त असलेल्या ४० स्त्रियांना १२ आठवडे रोज ३० मिलीलिटर तेल दिलं, निम्म्यांना खोबरेल आणि निम्म्यांना सोयाबीनचं. खोबरेलवाल्या स्त्रियांची कंबर थोडी कमी झाली, हे खरं आहे. पण सगळ्याच जणी कमी कॅलरींचा आहार घेत होत्या आणि रोज ५० मिनिटं चालत होत्या. वजन दोन्ही गटांत सारखंच किंचित उतरलं. श्रोतेहो, ५० मिनिटं चालण्याचं श्रेय चमच्याला देणं अन्यायाचं आहे. पुढे २०२० साली असे सोळा प्रयोग एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलानं वजनावर किंवा कंबरेवर लक्षणीय फरक पडल्याचं आढळलं नाही. फरक पडला तो रक्तात. एलडीएल, म्हणजे घातक समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, डेसिलिटरमागे सरासरी दहा मिलिग्रॅमनं जास्त निघालं. एचडीएल, म्हणजे चांगलं समजलं जाणारं कोलेस्टेरॉलही चार मिलिग्रॅमनं वाढलं आणि समर्थक तेवढंच सांगतात. पण एचडीएल वाढवणारी औषधं देऊन पाहिली, तेव्हा बहुतेक प्रयोगांत हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. त्यामुळे त्या चार मिलिग्रॅमवर विसंबून राहता येत नाही.

मग कुणीकुणी सांगतात त्यांचं वजन खरंच कसं उतरतं? बहुतेक वेळा तेल घेतल्यावर नाश्ता सुटतो. एक बशी पोहे आणि दुधा-साखरेचा चहा मिळून साडेतीनशे कॅलरी सहज होतात. त्याऐवजी १२० कॅलरींचं तेल गेलं, तर सव्वादोनशेची बचत झाली. वजन त्या बचतीनं उतरतं. काही जण याच सुमारास भात-पोळी जवळजवळ बंद करतात. मग स्नायू आणि यकृतातला साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपतो आणि त्याच्यासोबत धरून ठेवलेलं पाणी निघून जातं. पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो गेल्यासारखे दिसतात. भात सुरू झाला की ते पाणी परत येतं आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो.

प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ बेटांचं उदाहरणही सांगितलं जातं. तिथल्या लोकांच्या आहारातली निम्म्याहून जास्त ऊर्जा नारळातून येत असे आणि हृदयविकार कमी होता. ही नोंद खरी आहे. पण ते लोक अख्खा नारळ खात, चोथ्यासकट. जोडीला मासे आणि ब्रेडफ्रूट, साखर अगदी थोडी आणि दिवसभर कष्ट. बाटलीतलं तेल कुणी चमच्यानं पीत नव्हतं. आपल्याच देशात पाहा. खोबरेल तेलात स्वयंपाक करणाऱ्या केरळात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुमारे ३८ टक्के स्त्रियांचं वजन जास्त आढळलं. देशाची सरासरी २४ टक्के होती. याचा दोष तेलाला देता येणार नाही, कारण सुबत्ता, बैठं काम अशी बरीच कारणं आहेत. पण खोबरेल माणसाला सडपातळ ठेवतं, असंही हे आकडे म्हणू देत नाहीत.

आता स्वयंपाकघरात काय करायचं ते पाहू. गोव्यातलं किसमूर किंवा मालवणकडची माशाची कढी खोबरेलाच्या वासाशिवाय ज्यांना अळणी लागते, त्यांनी ते तेल सोडायचं काहीच कारण नाही. ते चवीसाठी ठेवावं, औषध म्हणून पिऊ नये. आणि ठेवायचं ते दुसऱ्या तेलाच्या जागी. माणशी चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिलीलिटर, पुरतो. तो घातला त्या दिवशी फोडणीतलं दुसरं तेल तेवढंच कमी करावं. ज्या कढीत ओल्या खोबऱ्याचं वाटण आहे, तिला वेगळं तेल जवळजवळ लागतच नाही. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ३३ ग्रॅम स्निग्धांश आणि साडेतीनशे कॅलरी असतात. सुक्या खोबऱ्यात हे प्रमाण जवळपास दुप्पट होतं, म्हणून चटणीवर हात जरा आखडता ठेवलेला बरा.

वजन उतरवायचं असेल तर घरात महिन्याला माणशी अर्धा लिटर तेल, चौघांना दोन लिटर, असा बेत ठेवा. तळणही यातच आलं आणि साजूक तूपही. दिवसाला माणशी तीन-साडेतीन चहाचे चमचे होतात. डबा सरळ कढईत ओतायची सवय असेल तर हे कधीच जमणार नाही. फोडणीच्या पळीत तीन-चार चमचे तेल सहज मावतं, म्हणून पळी बाजूला ठेवा. सकाळीच चौघांचं तेल, बारा ते चौदा चमचे, मोजून एका वाटीत काढा आणि दिवसभराचा स्वयंपाक त्या वाटीतूनच करा. संध्याकाळी भाजीला कमी पडलं तर कांदा थोड्या पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून परता. पहिले आठ-दहा दिवस भाजी कोरडी वाटेल, मग जीभ सरावते.

सगळा स्वयंपाक खोबरेलात नको, याला आणखी एक कारण आहे. शरीराला बाहेरूनच मिळावं लागणारं लिनोलिक आम्ल त्यात जेमतेम दोन टक्के असतं. सोलापूर-मराठवाड्याकडच्या करडईच्या तेलात ते सत्तर टक्क्यांच्या पुढे असतं. घरात करडई किंवा शेंगदाणा मुख्य ठेवा आणि खोबरेल जोडीला. दुसरी बाजू संपृक्त स्निग्धांशाची, म्हणजे सॅच्युरेटेड फॅटची. दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी त्यातून याव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १,५०० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा १६ ग्रॅमच्या आसपास येते. खोबरेलाचा एकच मोठा चमचा त्यातले ११-१२ ग्रॅम घेऊन टाकतो आणि दूध, दही, तूप अजून मोजायचं बाकीच असतं.

काहींनी अनशापोटी तेल पिण्याच्या वाटेला अजिबात जाऊ नये. पित्ताशयात खडे असतील तर एकदम गेलेल्या तेलानं पित्ताशय आकुंचन पावतं आणि तीव्र कळ येऊ शकते. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, फार वाढलेली असतील किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, त्यांनाही हे धोक्याचं आहे. मधुमेहाच्या रुग्णांनी विशेष लक्ष द्यावं. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेऊन नाश्त्याऐवजी नुसतं तेल प्यायलं, तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते. निरोगी माणसालाही सुरुवातीला मळमळ आणि जुलाब होऊ शकतात. ते जुलाब म्हणजे चरबी बाहेर पडणं नव्हे. तेच तेल पोटावर चोळल्यानं कातडी मऊ होते, आतली चरबी तिथेच राहते.

ज्यांच्या घरी रोजचा स्वयंपाक खोबरेलातच होतो, त्यांनी एकदा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घ्यावं. एलडीएल जास्त निघालं तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच, आणि सोबत सहा ते आठ आठवडे मुख्य तेल बदलून, बाकीचा आहार तसाच ठेवून, तपासणी पुन्हा करावी. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच काट्यावर, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर करा. कंबर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ठेवा, श्वास सहज सोडा आणि पोट आत ओढू नका. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या आत असावी. मोजलेला आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, त्या महिन्यात आणलेल्या तेलाच्या लिटरांशेजारी लिहून ठेवा.

नमस्कार.