चार दिवस खाडीच्या मुखाशी

मंडळी, समुद्रकाठी तंबू टाकून तिथं मिळेल ते खाऊन कसं राहायचं, यावर बोलायला मला सांगितलंय. राजापूरच्या बाजूला एका खाडीच्या मुखाशी मी गेली अकरा वर्षं अशी राहायला जाते. वर्षातून दोनदा, चार-चार दिवस. एकदा ज्येष्ठात पाऊस लागल्यावर आणि एकदा मार्गशीर्षात. दोनदा का जावं लागतं ते आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

कोकणात रान हिरवं असतं तेव्हा समुद्र बंद असतो, आणि समुद्र उघडतो तेव्हा रान निबर झालेलं असतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. पण बंदी नसती तरी त्या दिवसांत लाटांखालच्या खडकांवर उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. खाडीला नदीचं गढूळ, गोडं पाणी आलेलं असतं. नेमक्या त्याच दिवसांत टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं, भारंगी या सगळ्या रानभाज्या एका दमात वर येतात. त्यामुळे एका ताटात कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, तीही आहेत आणि शेवळंही आहेत, हे चित्र मनातून काढून टाका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याही मनात तेच होतं.

तेव्हा मी मार्गशीर्षात गेले होते. सकाळी टोपली घेऊन निघाले, तर ज्यांच्या माडाखाली आम्ही विचारून तंबू टाकला होता त्या काकी म्हणाल्या, "बाय, आज अष्टमी. आज काय गावायचं नाय." मी तरी गेले. दुपारी बाराला ओहोटीचं टोक होतं, पण पाणी म्हणावं तसं मागे हटलंच नाही. खडक बुडालेलेच राहिले. तासाभराने हात हलवत परत आले.

संध्याकाळी काकींनी मला हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, की भरती किती वाजता ते कळतं. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटीचं टोक. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. दुसऱ्या दिवशी तीच भरती पाऊण तास-पन्नास मिनिटं उशिरा येते. आणि पाणी किती दूर जाणार तेही तिथीच सांगते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी जागच्या जागी चुळबुळ करतं. म्हणून माझे दिवस आता ठरलेले असतात, द्वितीया ते पंचमी. उधाणाचा जोर टिकून असतो आणि ओहोटी सकाळच्या उजेडात मिळते.

आता मुळे, म्हणजे वाळूत राहणारे शिंपले, कसे काढायचे. गावागावाला नाव बदलतं, कुणी तिसऱ्या म्हणतं, कुणी शिवल्या. पाणी उतरलं की ओल्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, नीट बघा. काडीने टोचल्यासारखी दोन बारीक भोकं अगदी शेजारी-शेजारी दिसतात. जीव त्यातूनच पाणी आत घेतो आणि बाहेर सोडतो. तिथं चार बोटं खाली हात घातला की गुळगुळीत, थंड गोटी लागते. काकी तर बघतही नाहीत. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पायाच्या बोटांनी चाचपतात, टाचेने वाळू सारतात आणि वाकून उचलतात. अंगठ्याच्या नखाएवढा लागला तर हात रिकामाच वर येतो. तेवढा त्या घेतच नाहीत. कालवं काढतानाही खडकाला चिकटलेली खालची शिंप तशीच ठेवतात, वरचं झाकण उचकटून आतलं मांस तेवढं घेतात. झाकण उघडण्याची ती एक टिचकी शिकायला मला तीन वर्षं लागली, आणि डाव्या तळहातावर त्याची खूण आहे.

काढलेले मुळे लगेच शिजवू नका. समुद्राच्याच पाण्यात चार-पाच तास ठेवा, म्हणजे वाळू थुंकतात. गोड्या पाण्यात ठेवले तर मरतात. शिजवण्याआधी उघडा पडलेला मुळा टिचकीने मिटला नाही तर फेकायचा, आणि शिजल्यावर जो उघडला नाही तोही फेकायचा. घरी आपण विळीवर उघडतो. तंबूत विळी कुठली? टोपात झाकण घालून आचेवर ठेवायचे, आपोआप उघडतात. सुटलेलं पाणी निवळून घ्या. त्यात कांदा, खोबरं, आमसूल. मीठ घालायचं नाही, समुद्राने घातलेलं असतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. याच्यावर पोट भरत नाही. किलोभर मुळ्यांतून मांस निघतं जेमतेम दीडशे-दोनशे ग्रॅम, आणि त्यातून मिळतात फार तर दोन-तीनशे कॅलरी. दिवसभर वाळूत वाकणाऱ्या माणसाला लागतात दोन हजारांवर. पालेभाजी तर त्याहून हलकी. किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हे खात आले ते भाताबरोबर, नाचणीच्या भाकरीबरोबर. मी माणशी दिवसाला पाव किलोच्या वर तांदूळ नेते, शिवाय गोडंतेल आणि दोन नारळ. तांदूळ नेले म्हणून कुणाला कमीपणा वाटायला नको.

ज्येष्ठात शेवळं मिळतात. काळपट जांभळा कोंब जमिनीतून भाल्यासारखा वर येतो. एके वर्षी बरोबर काकडं, म्हणजे शेवळांची खाज मारणारी आंबट रानफळं, नव्हती, चिंचही नव्हती, तरी मी ती शिजवली. पहिल्या घासालाच जिभेत आणि घशात सुया टोचल्यासारखं झालं. त्यात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते खरोखरच टोचतात. माझ्या बहिणीचा घसा दुसऱ्या दिवसापर्यंत धरलेला होता. ती माझी चूक होती. तेव्हापासून काकडं मिळाल्याशिवाय मी शेवळं उपटत नाही. फोडशीला असला त्रास नाही, मधला कडक दांडा काढला की झालं. टाकळा मात्र कोवळा असेपर्यंतच घ्या. आणि त्याच पावसात कळलावी ही विषारी वेलही उगवते. पानाच्या टोकाला गुंडाळणारा धाग्यासारखा ताणा असतो, ते नीट ओळखून ठेवा. तिचा कंद तर जीवघेणा.

कालवं आणि मुळे दिवसभर पाणी गाळत बसतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्यात साठतं. गावाचं गटार किंवा कारखान्याचं सांडपाणी येतं त्या खाडीतलं काहीही खाऊ नका, कितीही उकळलं तरी. समुद्राचा रंग बदललेला दिसला तर त्या दिवसांत शिंपल्यांना हातही लावायचा नाही. काही सूक्ष्म शेवाळांचं विष शिजवून जात नाही. केरळात विळिंजमला 1997 मध्ये शिंपले खाऊन सात जण दगावले. हे समुद्रकाठचेच लोक होते, रोज खाणारे. अंग फुगवणाऱ्या केंड माशाचंही तसंच, शिजवून त्याचं विष उतरत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून संरक्षित आहे, तिथून काही उचलायचं नाही. आणि थंडीत वेळास, आंजर्ल्यासारख्या पुळणींवर कासवं रात्री अंडी घालायला येतात. तिथं शेकोटी नको, बॅटऱ्या नकोत, तंबूही नको.

येत्या मार्गशीर्षात अमावस्येनंतरच्या द्वितीयेला मी निघतेय. दीडला भरती, म्हणजे सकाळी पावणेआठच्या सुमाराला ओहोटी. साडेपाचला उठावं लागेल. चौघांची जागा आहे, त्याहून जास्त माणसं त्या पुळणीवर मी नेत नाही, कारण आमच्या मागून काकी आणि त्यांच्या सुना त्याच वाळूत बाजारासाठी मुळे काढणार असतात. यायचं असेल त्यांनी नाव आज देऊन ठेवा, आणि तांदूळ आपापले आणा.