साहेबांचे किती कापले?

नमस्कार मंडळी. आज जरा पैशाचं बोलायचंय, म्हणजे सरकारच्या पैशाचं, पण सुरुवात मी माझ्या टेबलापासून करते, कारण मला हा विषय तिथेच कळला. मी चिंचवडला एका कारखान्यात पंचवीसेक वर्षं पगार काढायचं काम केलं. अटेंडन्स, ओव्हरटाइम, पीएफ, ॲडव्हान्स आणि दर महिन्याला पीटी, म्हणजे व्यवसाय कर. तुमच्यापैकी जे नोकरी करतात त्यांच्या स्लिपवर असणारच बघा, महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300. वर्षाचे झाले 2500.

तर 2012 ची गोष्ट, फेब्रुवारीच्या पगाराची. पेंट शॉपचा एक हेल्पर स्लिप घेऊन खिडकीशी आला, अकरा हजाराच्या आसपास पगार, माणदेशातला माणूस. म्हणाला, मॅडम दर महिन्याला दोनशे जातात मग ह्या वेळी तीनशे कसे. मी सांगितलं की हा कर आहे, आणि सुरू झाला तो रोजगार हमीसाठी. तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, बाहत्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची, मला सोबत न्यायची, तिथली सुकडी खाऊन आम्ही जगलो. स्लिप परत हातात घेतली, जरा वेळ बघितली आणि म्हणाला, मग चांगलंय की, कापा. आणि जाता जाता सहज विचारलं, मॅडम, साहेबांचे किती कापले?

साहेबांचा पगार महिन्याला सहा लाख होता. मी म्हटलं, तीनशेच.

हे मी विसरू शकले नाही. आणि आता निवडणुका आल्या की, गल्लीत भोंगे लावलेल्या रिक्षा फिरायला लागल्या की, मला तोच माणूस खिडकीशी उभा दिसतो.

आता बघा, 2024 च्या विधानसभेला काय झालं. लाडकी बहीण जुलैपासून सुरू झालेली, महिन्याला 1500. प्रचारात महायुतीने सांगितलं 2100 देऊ, महाविकास आघाडीने सांगितलं 3000 देऊ. मी या योजनेच्या विरोधात अजिबात नाही, आधीच सांगते. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी त्या पैशातून पहिल्यांदा स्वतःचा चष्मा केला, नऊ वर्षं नवऱ्याकडे मागत होत्या. बाईच्या स्वतःच्या खात्यात स्वतःच्या नावाने पैसे येणं ही काय गोष्ट आहे ते मला कुणी सांगायला नको. पण दोन्ही बाजूंनी आकडा वाढवताना एकानेही असं म्हटलेलं मी ऐकलं नाही की बाबांनो यासाठी आम्ही अमुक लोकांवर अमुक कर वाढवू. पैसे देणार हे सगळे सांगतात, कुणाकडून घेणार हे कुणीच सांगत नाही, आणि मला वाटतं की अर्ध्या गोष्टीला वचन म्हणू नये.

मग मार्च 2025 मध्ये अजितदादांनी अर्थसंकल्प मांडला. लाडक्या बहिणीसाठी 36,000 कोटी, 2100 चा आकडा त्यात नव्हता. आणि त्याच अर्थसंकल्पात गाड्यांच्या कराचे काही बदल होते, ते मी बारकाईने वाचले कारण मला आकडे वाचायची सवय. 30 लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक गाडीवर 6 टक्के कर. सीएनजी-एलपीजीच्या खाजगी गाड्यांवर 1 टक्का वाढ. आणि एका गाडीवर जास्तीत जास्त किती कर घ्यायचा याची मर्यादा 20 लाखांवरून 30 लाखांवर.

दोन-तीन आठवडे गेले असतील, 30 लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक गाडीवरचा 6 टक्के कर घेणार नाही असं मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत जाहीर केलं. कारण असं की त्यातून फारसा महसूल येणार नाही आणि इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल चुकीचा संदेश जाईल. ठीक आहे, त्या युक्तिवादात तथ्य नाही असं मी म्हणत नाही, प्रदूषण कमी व्हायलाच पाहिजे. पण सीएनजी गाडी कोण घेतं हो? पेट्रोल परवडत नाही म्हणून जो सीएनजी बसवतो तो. तीही पेट्रोलपेक्षा स्वच्छच की. त्याचा 1 टक्का राहिला.

आणि ती मर्यादा म्हणजे काय ते जरा नीट सांगते. साधी आठ लाखांची पेट्रोल गाडी घेतली की तुम्हाला 11 टक्के कर बसतो, म्हणजे 88,000 रुपये. आता सहा कोटींची गाडी घ्या. मर्यादा वाढूनही कर 30 लाखांच्या वर जाणार नाही, म्हणजे पडला 5 टक्के. आठ लाखवाल्याला अकरा आणि सहा कोटीवाल्याला पाच. याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा. कुणी म्हणेल की मर्यादा काढली तर हे लोक दुसऱ्या राज्यात गाडी रजिस्टर करतील, करतातही काहीजण, पण मग ते पकडायचं काम आरटीओचं आहे, त्यासाठी दर कमी ठेवायचा ही कुठली रीत.

जून 2025 मध्ये मग दारूवरचं उत्पादन शुल्क वाढलं, देशी आणि भारतात बनणारी विदेशी, दोन्हीवर, आणि त्यातून वर्षाला 14,000 कोटी जास्त मिळतील असा सरकारचा अंदाज होता. आता दारूवर कर लावला म्हणून कोण रडणार, मीसुद्धा नाही. पण घरात बसून हिशोब करून बघा. ज्या घरात बाईच्या खात्यात 1500 येतात त्याच घरातला माणूस रोज क्वार्टर घेत असेल तर ती महाग झाली म्हणून तो सोडत नाही, तो घरातले जास्त पैसे नेतो. एका हाताने बाईला दिलं आणि दुसऱ्या हाताने तिच्याच डब्यातून काढून घेतलं, असं होतं ते. श्रीमंताला त्या वाढीचा पत्ताही लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल की श्रीमंतांवर कर लावायचा तर इन्कम टॅक्स आहे ना. आहे, पण तो केंद्राचा. आणि इथे एक गोष्ट आहे जी फार लोकांना माहीत नसते, मलाही उशिरा कळली. केंद्र जे कर गोळा करतं त्यातले 41 टक्के राज्यांमध्ये वाटले जातात. पण सरचार्ज आणि सेस, म्हणजे मूळ करावर वरून लावलेले जादा कर, त्या वाटणीत येतच नाहीत, आणि अतिश्रीमंतांवर जो जादा भार टाकतात तो सरचार्ज म्हणूनच टाकतात! म्हणजे मुंबईतल्या अब्जाधीशाने भरलेल्या सरचार्जमधला एक रुपयासुद्धा वाटणीतून महाराष्ट्राला येत नाही.

आणि तो सरचार्जही टिकत नाही. 2019 च्या जुलैमध्ये निर्मला सीतारामन यांनी पाच कोटींच्या वरच्या उत्पन्नावर 37 टक्के सरचार्ज लावला, एकूण दर गेला 42.74 टक्क्यांवर. महिनाभरात शेअर बाजारात ओरड झाली, शेअरच्या नफ्यावरची वाढ ऑगस्टमध्येच मागे घेतली. सप्टेंबरमध्ये कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. 2023 मध्ये इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत सरचार्जच 25 टक्क्यांवर आणला आणि सर्वात वरचा दर झाला साधारण 39.

जुनी गोष्टही सांगायला पाहिजे, नाहीतर माझं बोलणं एकतर्फी होईल. आपल्या देशात मालमत्ता शुल्क होतं, माणूस गेला की त्याच्या मागे राहिलेल्या मोठ्या इस्टेटीवर लागायचं. 1953 साली ते आणलं तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख, रायगडचे, ज्यांनी पुढे मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलं. 1957 ला संपत्ती कर आला. आणि 1973-74 ला तर इन्कम टॅक्सचा वरचा दर 97.75 टक्के झाला होता, म्हणजे शेवटच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात. एवढा दर कुणी भरत नाही, लोकांनी दोन वह्या ठेवल्या. म्हणून माझं म्हणणं असं मुळीच नाही की तिकडे परत जा. मालमत्ता शुल्क 1985 मध्ये व्ही. पी. सिंगांनी काढलं कारण वर्षाला जेमतेम 20 कोटी यायचे. संपत्ती कर 2015 मध्ये जेटलींनी काढला, त्याचे देशभरातून 1,008 कोटी यायचे. त्याऐवजी त्यांनी कोटीच्या वर उत्पन्न असलेल्यांवर 2 टक्के सरचार्ज वाढवला आणि 9,000 कोटी येतील असं सांगितलं. तो बदल मला पटला होता, गोळा करायला सोपा कर असेल तर तो बरा. पण त्यानंतर हा विषय बोलायचीच चोरी झाली. एप्रिल 2024 मध्ये काँग्रेसच्या सॅम पित्रोदांनी अमेरिकेतल्या वारसा कराचं नुसतं उदाहरण दिलं तर केवढा गदारोळ, आणि त्यांच्या पक्षानेही लगेच हात वर केले की हे आमचं मत नाही. वारसा कर असावा की नसावा यावर शांतपणे दहा मिनिटं चर्चा ऐकायला मिळेल म्हणून मी रात्री टीव्ही लावला होता, नाही मिळाली.

मग माझ्या मनात परत परत वि. स. पागे येतात. विसापूरचे, तासगाव तालुका. विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी आधी आपल्या भागात करून बघितली, मग बाहत्तरच्या दुष्काळात ती राज्यभर गेली. आणि पैसे कुठून? तर 1975 ला व्यवसाय कराचा कायदा केला, शहरातल्या पगारदारांनी, व्यापाऱ्यांनी, डॉक्टर-वकिलांनी भरायचा, बागायती जमिनीवर, मोटारींवरही काही कर लावले, आणि जेवढे जमतील तेवढेच सरकारने स्वतःचे घालायचे. म्हणजे कुणाला देणार आणि कुणाकडून घेणार हे एकाच वेळी लोकांसमोर ठेवलं. आणि शहरातल्या लोकांनी भरलं ना. पुढे त्या नावाने जमलेले पैसे सगळे त्या कामावर जात नाहीत अशी तक्रार होत राहिली, आणि ती खरी दुखरी जागा आहे, कारण लोक ज्या कारणासाठी भरतात ते कारण गेलं की मनही जातं. पण 2005 चा देशाचा रोजगार हमी कायदा झाला त्याची पायवाट इथेच पडली होती.

फक्त त्या व्यवसाय कराची वरची मर्यादा राज्यघटनेत लिहिलीय, 276 व्या कलमात. आधी वर्षाला 250 होती, 1988 मध्ये घटनादुरुस्ती करून 2500 केली. तेव्हापासून तिथेच. अठ्ठ्याऐंशीला माझा पहिला पगार 900 रुपये होता. चौदाव्या वित्त आयोगाने ती 12,000 करा म्हणून शिफारस केली, झालं काही नाही. म्हणून साहेबांचे तीनशेच.

आणि जिथे राज्याचे हात बांधलेले नाहीत तिथे काय? मुंबईत घर घेताना मुद्रांक शुल्क 6 टक्के, बाईच्या नावावर असेल तर 5. चाळीस लाखांच्या वन-आरकेला 6 आणि वरळीच्या शंभर कोटींच्या फ्लॅटलाही 6. इंग्लंडमध्ये घराची किंमत वाढेल तसा दर वाढत जातो, वरच्या टप्प्याला 12 टक्क्यांपर्यंत, तिथे कुणी घरं घ्यायची थांबली नाहीत. इथे खालच्यांना 6 वरून 4 वर आणून वरच्यांना वाढवता येईल, त्यासाठी दिल्लीला विचारायची गरज नाही, विधानसभेत करता येतं.

तर मी आता एक कागद करून ठेवलाय. दारावर मतं मागायला जो कोणी येईल, कुठल्याही पक्षाचा असो, त्याला पाणी देणार आणि हा कागद देणार. त्यात तीनच गोष्टी लिहिल्यात, मुद्रांक शुल्काला टप्पे करा, महागड्या गाड्यांची ती मर्यादा काढा आणि व्यवसाय कराची मर्यादा वाढवायला दिल्लीत मागणी करा, महिन्याला पंधरा हजारवाल्याला माफ आणि लाखाच्या वरच्याला जास्त. खाली माझी सही आहे. माझा जावई हिंजवडीला आहे, चांगला पगार आहे, ही तिसरी मागणी मान्य झाली तर त्याचे वर्षाला काही हजार जास्त जाणार, हे त्याला मी सांगितलंय. दोन दिवस फोनवर जरा तुटक बोलला. मग रविवारी आला, कागद वाचला आणि माझ्या सहीखाली त्यानेही केली.