काकांचा एक्सपी आणि न दिसणारा पेनड्राइव्ह

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या मागं, पुस्तकांची दुकानं संपता संपता एक लाकडी जिना वर जातो, तिथं काकांचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवून द्यायचं दुकान. लग्नाचा सीझन आहे, टेबलभर पत्रिकांची प्रुफं, अन् कोपऱ्यात घरघर करत चाललेला जो पीसी दिसतोय ना, त्यावर अजून विंडोज एक्सपी ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. हो, तीच. २००१ ला आलेली, ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने जिचा सपोर्ट बंद केला ती.

काका बदलत का नाहीत? कारण आत पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर आहे, श्रीलिपीचे मराठी फॉन्ट आहेत, अन् त्या जुन्या फॉन्टातला मजकूर सरळ नव्या युनिकोडवाल्या सॉफ्टवेअरमधे टाकला तर 'श्री गणेशाय नमः'चं पार कडबोळं होतं. नेट जोडलेलं नाही, मुद्दाम. त्यामुळं बाहेरची फाईल आत येणार ती पेनड्राइव्हनेच, आणि गिऱ्हाईकाचं रोजचं पालुपद, काका, दिसतच नाहीये हो.

आता दिसत नाही म्हणजे नक्की काय, सगळी मेख इथेच आहे. काका आधी कान देतात. पेनड्राइव्ह लावल्यावर 'टुडुंग' वाजलं का? वाजलं तर मशीनला कळलंय काहीतरी लागलंय. नाही वाजलं तर कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट सोडून मागचा, कारण पुढचा आतून बारीक वायरने मदरबोर्डला जोडलेला असतो अन् ती वायर कधी सैल असते, कधी पॉवरच पुरत नाही. पोर्टेबल हार्डडिस्क नुसती टिकटिक करत बसली की समजायचं, यूएसबी २.० च्या पोर्टचे ५०० मिलिअँपिअर तिला पुरेनात.

पण टुडुंग वाजलं, आणि माय कॉम्प्युटरमधे काहीच नाही? हे बघा, काका स्टार्ट मेनूतल्या रनमधे टाइप करतायत, diskmgmt.msc, म्हणजे सगळ्या डिस्क दाखवणारी खिडकी, आणि उघडलं की पेनड्राइव्ह तिथं मजेत बसलाय! झालंय असं की प्रिंटरवाल्या दुसऱ्या मशीनचं फोल्डर यांनी एफ ड्राइव्ह म्हणून मॅप केलंय, म्हणजे ते इथं एफ नावाच्या ड्राइव्हसारखं दिसतं, आणि एक्सपी ड्राइव्हला अक्षर म्हणजे लेटर वाटताना नेटवर्क ड्राइव्हकडं बघतच नाही, तिनं पेनड्राइव्हलाही एफच दिलं. एका फ्लॅटवर दोन पाट्या. राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर, पी द्या, ओके. आला. कायमचं हवं असेल तर नेटवर्कवाल्याला शेवटचं झेड देऊन टाकायचं, पण काकांना ते दरवेळी उद्या करायचं असतं.

मघाशी एक मुलगी आली, ताईच्या पत्रिकेसाठी फोटो, ६४ जीबीचा नवाकोरा चकचकीत ड्राइव्ह. लावला तर एक्सपी विचारतेय, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का? काका जवळजवळ ओरडलेच, "थांब गं बाळा, नो दाब, नो!" ड्राइव्ह ठणठणीत आहे, पण तो एक्सफॅटमधे, म्हणजे फाईली मांडून ठेवायच्या एका नव्या पद्धतीत आहे आणि ते या एक्सपीला वाचता येत नाही, येस दाबून फॉरमॅट केलं असतं तर फोटो गेले असते. एक्सपीसाठी एक्सफॅटचं अपडेट आहे, केबी९५५७०४, एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ अन् ३ या सुधारित आवृत्त्यांसाठी. काका म्हणतात चालत्या मशीनला मी हात लावत नाही. मग ड्रॉवरमधून ४ जीबीचा झिजलेला पेनड्राइव्ह निघतो, एफएटी३२ या जुन्या, एक्सपीला वाचता येणाऱ्या पद्धतीतला, "जा, घरच्या लॅपटॉपवरून यात भरून आण." एफएटी३२ मधे एक फाईल ४ जीबीच्या आतच लागते, पण लग्नपत्रिकेला तेवढं कशाला लागतंय.

ती परत आली तेव्हा बघा काकांचा डावा हात कुठं होता. शिफ्टवर. शिफ्ट दाबून ठेवला की ऑटोरन, म्हणजे ड्राइव्ह लावताच आतला प्रोग्राम आपोआप सुरू होणं, चालत नाही, नाहीतर कुणाच्या लॅपटॉपातला व्हायरस आपोआप आत. व्हायरसनं काकांचे सगळे फोल्डर एकदा शॉर्टकट होऊन बसले होते, फाईली आतच होत्या, लपवलेल्या, कमांड प्रॉम्प्टमधे attrib ही लपवलेल्या फाईली दाखवायची कमांड चालवून परत काढल्या. तेव्हापासून ही सवय.

फोटो कॉपी झाले, सेफली रिमूव्ह केलं तर एक्सपी म्हणाली आत्ता थांबवता येणार नाही. फोटो अजून उघडाच होता.